काळा मेंढा आणि आईची चादर

विदीकॉट, २० मे १६१२

ताई,

पत्र उघडताना तुला वाटेल, हिला पुन्हा आईच्या चादरीची आठवण झाली. नाही झाली. ती लिननची चादर तू एक्सेटरला घेऊन गेलीस, अर्धी कापून द्यायला तयार झाली नाहीस, त्याचा राग मी सध्या बाजूला ठेवलाय. आज घराचं बोलायचंय.

गेल्या रविवारी प्रार्थना सुटल्यावर हंफ्री टोझरने मला सगळ्यांदेखत अडवलं. यंदा तो चर्चचा वॉर्डन झालाय. म्हणजे कोण प्रार्थना चुकवतं आणि कोण कुणाच्या अंथरुणात शिरतं, हे चर्चच्या कोर्टाला कळवायचं काम त्याच्याकडे. म्हणाला, "तुझ्या गोठ्यातून पहाटे एक पुरुष बाहेर पडताना दिसलाय. गावभर बोलणं आहे. मला तुझं नाव द्यावं लागेल." मी म्हटलं, "गावभर बोलणं आहे, की तुमच्या घरभर?" बायका हसल्या, पण लगेच खाली बघायला लागल्या.

हा एवढा धर्मात्मा का झालाय ते तू ओळखशील. माझा अॅम्ब्रोज गेला, त्याची जमीन इथल्या वहिवाटीने माझ्याकडे राहिली. पण कुठवर? मी एकटी आणि शुद्ध राहीन तोवर. माझ्यामागून ती टोझरच्या थोरल्याला मिळायची हे ठरलेलं आहे. मी मरायची वाट बघण्यापेक्षा मी बिघडल्याचं सिद्ध करणं त्याला सोपं. चर्चच्या कोर्टाने मला दोषी ठरवलं, की सप्टेंबरअखेर सेंट मायकलच्या सणाला जहागिरीच्या कोर्टात घर, शेत, सफरचंदाची बाग, सगळं त्याचं. मी आणि ग्रेस रस्त्यावर. ग्रेसचे अजून दुधाचे दात पडतायत.

मी काही केलेलं नाही, ताई. एवढंच लिहिते.

थॉमसीन


एक्सेटर, २९ मे

थॉमसीन,

एवढंच का लिहितेस? पुरुष होता की नव्हता? नसेल तर तसं लिही. असेल तर कोण ते लिही. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही तुझी खोड लहानपणापासूनची. बाबा पॅरिशचे क्लार्क होते, त्यांनी आपल्या दोघींना लिहायला शिकवलं ते अर्धवट पत्रं लिहायला नव्हे.

इकडचाही विचार कर. बार्थोलोम्यूच्या दुकानात कॅथीड्रलच्या मोठ्या लोकांच्या बायका हातमोजे घ्यायला येतात. उद्या त्यांच्या कानावर गेलं की हातमोजेवाल्याची मेहुणी कोर्टात उभी आहे, तर त्या दुसरीकडे जातील. तो बिचारा मला काही बोलला नाही, पण जेवताना दोनदा मीठ घेतलं त्याने. तो अस्वस्थ झाला की असंच करतो.

आणि चादरीचं म्हणशील तर, कापलेली चादर कुणाच्याच कामाची नसते.

विल्मट


विदीकॉट, ९ जून

ताई,

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण ज्याला फरफटत त्या पायरीवर नेतात, त्याने काय करावं?

बार्नस्टेपलला जाऊन आले. ग्रेसला पाठुंगळी घेऊन निम्मी वाट चालले. न्यायाधीश म्हातारा आहे, वाईट नाही. त्याने विचारलं, "पुरुष होता का?" होता, मी म्हटलं. गोठ्यात झोपला, मी त्याला भाकरी आणि सायडर दिली, त्याने मला बोटही लावलं नाही. "नाव काय त्याचं?" मी गप्प. "नाव सांगितलंस तर त्यालाही बोलावू, विचारू, आणि तू मोकळी होशील." मी तरी गप्पच. टोझर मागे उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

शेवटी असं ठरलं, की ऑगस्टमध्ये मी बायबलवर हात ठेवून निर्दोष असल्याची शपथ घ्यायची, आणि गावातल्या सहा भल्या बायकांनी माझ्यामागे शपथ घ्यायची की हिची शपथ खरी आहे असं आम्ही मानतो. सहाजणी उभ्या राहिल्या तर सुटले. एक जरी कमी पडली तरी दोषी.

सहाजणी मिळतील गं. ह्यांच्या बाळंतपणात मी रात्ररात्र बसलेय. पण टोझरच्या बैलांनी निम्म्या गावाची शेतं नांगरली जातात, हेही आहेच.

थॉमसीन


एक्सेटर, १८ जून

थॉमसीन,

नाव सांगत नाहीस, म्हणजे कुणाचा तरी नवरा आहे. मी काही विचारत नाही आता. पालथ्या घड्यावर पाणी.

पण तू माझी बहीण आहेस, म्हणून मी उपाय काढलाय. आपला डिगोरी वसंतातच मासे धरायला न्यूफाउंडलंडच्या जहाजावर गेला, तूच कळवलं होतंस. त्याला कोण विचारायला जातंय? मी टोझरला पत्र लिहिलंय, की तो पुरुष म्हणजे आमचा धाकटा भाऊ डिगोरी, जहाजावर चढण्याआधी बहिणीला भेटायला आला होता. भाऊ बहिणीच्या गोठ्यात झोपला तर कुठल्या कोर्टाच्या पोटात दुखणार आहे? खोटं आहे, देव मला क्षमा करो. पण ह्या खोट्याने कुणाचं काही बिघडत नाही.

दोन्ही पत्रं एकदमच घोडेवाल्या जेफ्रीकडे दिली आहेत. आता निवांत झोप.

विल्मट


विदीकॉट, २५ जून

ताई,

टोझरला पत्र मिळालेलं नाही. मी मिळू दिलं नाही. जेफ्री आधी माझ्याकडे आला हे नशीब. तुझं पत्र दारातच वाचलं आणि तशीच अनवाणी त्याच्या मागे धावले. टोझरच्या फाटकाशी गाठला. म्हटलं, ताईने चुकून दिलंय, परत दे. तो म्हणाला, "ज्याचं त्याला देणार, बाई." मी ते त्याच्या हातातून हिसकावून घेतलं आणि चिखलात तुडवलं. टोझरीणबाई खिडकीतून बघत होत्या. आता गावात नवीनच उठलंय, की मी टोझरलाही प्रेमपत्रं लिहिते.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जे नाव तू त्या पत्रात लिहिलंस ते पुन्हा लिहू नकोस. दुकानात घेऊ नकोस, नवऱ्यापाशी घेऊ नकोस, प्रार्थनेतसुद्धा मोठ्याने घेऊ नकोस. का ते विचारू नकोस.

अॅम्ब्रोजचा तपकिरी कोट, तू आमच्या लग्नात अस्तर लावून दिलेला, तुझ्या दारी आला तर त्याला आत घे. तो अजून आला नसेल तर मला झोप कशी लागणार, ताई?

थॉमसीन


एक्सेटर, १४ जुलै

थॉमसीन, माझी बाय,

हे जेफ्रीकडे देत नाही. आमचा कारागीर तुमच्या बाजूला कातडी आणायला येतोय, त्याच्या हाती देते. परत येताना तोच उत्तर आणेल, म्हणून मोकळं लिही.

तुझं पत्र वाचून आधी मी संतापले. चार दिवस बार्थोलोम्यूशीसुद्धा धड बोलले नाही. मग परवा शेरीफचा माणूस दुकानात आला. डिगोरी कुठे आहे म्हणून विचारत होता. म्हणाला, फेब्रुवारीत त्याने साउथ मोल्टनजवळ एका जमीनदाराच्या कळपातली मेंढी चोरली, मार्चमध्ये कॉन्स्टेबलच्या हातून निसटला, सापडला की फाशी. लपवणाऱ्यालाही सोडणार नाहीत. मी म्हटलं, तो समुद्रावर आहे. माझा आवाज अजिबात हलला नाही, कारण मला तोवर तेच खरं वाटत होतं. तो गेल्यावर मी दुकानाचं दार लावून घेतलं. तुझा गोठा, तुझं गप्प बसणं, चिखलात तुडवलेलं पत्र, सगळं एकदम समोर आलं. मी स्वतःच्या हाताने भावाला फासावर पाठवत होते, आणि वर तुला निवांत झोप म्हणून लिहिलं होतं!

कुणाचा तरी नवरा, असं लिहिलं मी तुला. मला ते शब्द परत घेता येत नाहीत. घेता आले असते तर गिळले असते.

तपकिरी कोट आलेला नाही.

विल्मट


विदीकॉट, ८ ऑगस्ट

ताई,

गेल्या वेळी तुझा कातडीवाला घाईत होता. आज पुन्हा आलाय, म्हणून सगळं लिहिते.

हो, मेंढी चोरली त्याने. उपाशी होता आणि चोरली. माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या मनगटांवर दोरीचे वण होते. मी त्याला गोठ्यात झोपवलं, कोट दिला आणि तुझ्याकडे पाठवलं. न्यूफाउंडलंडचं तुला मुद्दामच लिहिलं होतं. तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून खरं सांगितलं नाही.

शपथेचं झालं. पाचजणी आल्या. ज्यांच्यावर माझा भरवसा नव्हता त्या आल्या आणि जिच्यावर होता ती रॅडिगन आजी घरी बसली. आदल्या दिवशी मी तिच्याकडे गेले होते. शेंगा सोलत होती. म्हणाली, "पोरी, त्या दिवशी पहाटे मी पाणी भरायला निघाले होते. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी. तू त्याच्या गळ्यात पडून रडत होतीस. आता मी बायबलवर हात ठेवून काय सांगू? मला मरायला किती दिवस राहिलेत? देवापुढे खोटं घेऊन जाणार नाही." तिला एक शब्द सांगितला असता तर ती धावत आली असती. तो शब्द जिभेच्या टोकावर होता, ताई. मी शेंगांची टोपली उचलून आत ठेवली आणि घरी आले. आजी खोटं बोलत नाही, म्हणजे कुणी विचारलं तर तेही खरंच सांगेल.

तर मी आता रीतसर पापी आहे. कापणी झाली की ऑक्टोबरात, प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर, अनवाणी, अंगावर पांढरी चादर घेऊन उभं राहायचं आणि पाप कबूल करायचं. नाही केलं तर चर्चमधून बाहेर, आणि मग विस्तवही कुणी देणार नाही. चादर आपली आपण आणायची असते. माझ्याकडे धड चादर नाही, हे तुला माहीत आहेच.

टोझर काल कुंपणाशी येऊन बागेतली झाडं न्याहाळत होता. सेंट मायकलच्या सणाची वाट बघतोय.

थॉमसीन


एक्सेटर, १२ सप्टेंबर

थॉमसीन,

कोट आला.

उन्हाळाभर कुठल्या कुठल्या शेतांवर गवत कापत, नाव बदलत हिंडत होता. परवा आम्ही जेवायला बसलो आणि तो मागच्या दारात उभा. आधी मी कोटच ओळखला, मग आत माणूस आहे हे दिसलं. इतका वाळलाय. बार्थोलोम्यू समोरच होता. मला वाटलं, हा आता उठून कॉन्स्टेबलला हाक मारणार. तो उठला, त्याने दाराला अडसर घातला, कोटाचं कोपर हातात धरून बघितलं आणि म्हणाला, "हे ठिगळ कुणी लावलं? असलं शिवणकाम माझ्या घरातून बाहेर पडलेलं चालणार नाही. काढ कोट." मला एकदम रडूच फुटलं. इतकी वर्षं ह्या माणसाला मी फक्त दुकानदार समजत होते.

डिगोरी माळ्यावर कातड्यांमागे आहे. टॉपशमला एक जहाज आहे, वाईन आणायला बोर्दोला जाणार आहे. तांडेल बार्थोलोम्यूच्या ओळखीचा, काही विचारणार नाही म्हणाला. पण माल भरायचाय आणि वारा उलटा आहे. सणाच्या आसपास सुटेल, आधी नाही. इथे शेरीफचा माणूस दर आठवड्याला रस्त्यावरून जातो. तुझ्याकडून एक शब्द बाहेर पडला, तर तो सरळ आमच्या माळ्यावर येईल.

मी काय मागतेय ते मला कळतंय. सणाला जहागिरीच्या कोर्टात तू गप्प बसलीस तर घर जाईल. मी तुझ्याकडे तुझं घर मागतेय, थॉमसीन. ग्रेसला घेऊन इकडे ये, दुकानामागची खोली रिकामी करते.

विल्मट


विदीकॉट, १ ऑक्टोबर

ताई,

बस, आणि मग वाच.

दुकानामागच्या खोलीची तयारी मी मनात केली होती. गाठोडंही बांधलं होतं. तेवढ्यात ती जुनी वहिवाट आठवली. आईकडून आपण ऐकली होती आणि तोंडात ॲप्रनचा बोळा कोंबून हसलो होतो. विधवेचं पाऊल घसरलं आणि जमीन गेली, तर तिने काळ्या मेंढ्यावर उलटं बसायचं, त्याचं शेपूट हातात धरायचं, भर कोर्टात यायचं, ते वात्रट कवन म्हणायचं आणि जमीन परत मागायची. मग जहागिरीच्या कारभाऱ्याला ती द्यावीच लागते. आजीच्या काळात एकीने केलं होतं म्हणे.

बघ कसं आहे ते. खरं सांगितलं तर भाऊ जातो. गप्प बसले तर घर जातं. आणि न केलेलं पाप हसत हसत कबूल केलं तर दोन्ही वाचतात. मेंढ्यावर काही बायबल नसतं. तिथे खोटं बोलायला मी तयार होते.

पण टोझर काही दूधखुळा नाही. सणाच्या आठवड्यात त्याने आसपासचा प्रत्येक काळा मेंढा विकत घेऊन खोऱ्यापलीकडे हाकलला. मी दारोदार हिंडले. पांढरे होते, तपकिरी होते, एक तर काळ्या तोंडाचा होता. काजळी फासावी असंही मनात आलं, पण आपल्याकडचं आभाळ, कोर्टापर्यंत पोचेतो त्याला आंघोळ घातली असती.

सणाच्या दिवशी सकाळी दारावर काठी आपटली. रॅडिगन आजी. दोरीला काळाकुट्ट मेंढा. टोझरची माणसं आली तेव्हा तिने तो पलंगापाशी बांधून वरून गोधडी घातली होती, आणि नवरा आजारी आहे म्हणून सांगितलं होतं. तिचा नवरा कधीच मेलाय. मी म्हटलं, "आजी, तुम्ही तर खोटं बोलत नाही." म्हणाली, "बायबलवर बोलत नाही. आणि हे बघ, तू पाप केलंस, ते देव बघून घेईल. पण बाईचं पाऊल घसरलं म्हणून तिच्या पोरीने उघड्यावर झोपावं, असं कुठल्या शुभवर्तमानात आहे? चल, बस."

माझ्या बाजूने उभी राहिली ती एकटी, आणि तिला मी पापीच वाटते. मी तिचा हात धरला आणि काही बोलले नाही. हे सगळ्यात जड गेलं मला.

कोर्ट जहागिरीच्या मोठ्या कोठारात भरलं होतं. मेंढ्यावर बसायला चौघांनी मदत केली, कारण तो एक पाऊल पुढे टाकायचा आणि दोन मागे. आत शिरले तशी हशा आणि शिट्ट्या. कारभारी तोंडावर रुमाल धरून बसला. टोझर उठला. "ही वहिवाट कधीच मेली!" पंचांत म्हातारा यूस्टेस आहे, दोन्ही डोळ्यांनी आंधळा. तो म्हणाला, "कशाने मेली, ताप येऊन? मी लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून बघितलीय."

टोझर म्हणाला, "असेल. पण मग तिने पुरुषाचं नाव सांगायला हवं." यूस्टेस म्हणाला, "वहिवाटीत मेंढा आहे. नाव नाही." मला वाटलं, सुटले. पण टोझर माझ्याकडे बघतच राहिला, आणि मग हळूच म्हणाला, "नाव सांगायला एवढी अडचण काय आहे? हं, तुझा धाकटा भाऊ कुठे असतो गं हल्ली?"

मागच्या बाकावर पॅरिशचा कॉन्स्टेबल बसला होता. क्षणभर मला फक्त तुझ्या घराचा माळा दिसला. टॉपशमचा वारा आज कुठल्या दिशेला असेल, एवढंच डोक्यात आलं.

मग मी तोंड उघडलं. ते कवन जेवढं वात्रट आहे त्याच्या दुप्पट वात्रट करून म्हटलं. कुल्ले थोपटून म्हटलं. बाजारातली बाईसुद्धा लाजली असती असं म्हटलं, आणि वर टोझरकडे बघून डोळा मारला, कारण चिखलातल्या प्रेमपत्राची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. काय हशा उठला! कॉन्स्टेबलच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कुणीतरी ओरडलं, "हंफ्री, भाऊ कशाला शोधतोस, आधी स्वतःचं नाव सांग!" टोझरीणबाई उठून बाहेर गेल्या, त्यांच्या मागे टोझर. त्याचा प्रश्न त्या हशात बुडाला, पुन्हा कुणी वर काढला नाही. कारभाऱ्याने जमीन परत दिली.

एका मेंढीपायी भाऊ फासावर जायचा होता, एका मेंढ्याने घर वाचवलं. पण ताई, आता माझी शुद्धता सिद्ध करायला जगात काही उरलं नाही. ग्रेस मोठी झाली की तिला हे गाव माझं कवन ऐकवेल. मी तिलाही खरं सांगू शकणार नाही. मेंढ्यावर हसत होते, घरी येऊन गाईच्या अंगावर डोकं ठेवून रडले.

येत्या तिसऱ्या रविवारी चर्चमध्ये उभं राहायचं आहे. कोट सुटला का?

थॉमसीन


एक्सेटर, ९ ऑक्टोबर

थॉमसीन,

कोट सुटला. सणाच्या दुसऱ्या दिवशी वारा फिरला. बार्थोलोम्यू स्वतः टॉपशमला गेला होता, शिडं दिसेनाशी होईपर्यंत थांबला. कोपराचं ठिगळ आता नीट बसलंय. डिगोरीने तुझ्यासाठी निरोप ठेवलाय, पण तो मी लिहिणार नाही, तोंडी सांगेन.

तुझी कीर्ती शहरातही पोचलीय. काल कातड्याचे एक व्यापारी जेवायला होते. उत्तरेकडे कुणी एक विधवा मेंढ्यावर बसून कोर्टात कशी आली, ते रंगवून सांगत होते. सगळे पोट धरून हसत होते. बार्थोलोम्यूने मीठ उचललं आणि तसंच खाली ठेवलं. मी म्हटलं, "ती माझी सख्खी बहीण आहे." कुणी हसलं नाही मग. पाहुणे लवकर गेले. कदाचित त्यांच्या बायका हातमोजे दुसरीकडून घेतील. घेऊ देत.

मी शनिवारी जेफ्रीच्या घोड्यावरून निघतेय. आईची चादर पेटीतून काढून धुतली, इस्त्री केली. बार्थोलोम्यू म्हणाला, एवढी चांगली चादर, शरमेच्या कामाला? मी म्हटलं, ज्यांना शरम वाटायला हवी त्यांच्यासाठी नाही नेत मी.

त्या रविवारी चर्चमध्ये तू एकटी उभी राहायची नाहीस. पाद्री काय म्हणायचं ते म्हणो. बूट मीही बाहेरच काढीन. चादर कापायला मी तेव्हा तयार नव्हते, आजही नाही. काल अंथरून बघितली. चांगली रुंद आहे, दोघींना पुरेल.

विल्मट